सलोमीबाईंचा राउंड

आमच्या ढाणकीच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा पुसदहून पाळकसाहेब येत. उपदेश संपला की ते दोन्ही हात वर करत, डोळे मिटत आणि भरल्या आवाजात प्रार्थना सुरू करत, "हे दयाळू बापा, जगातल्या सर्व आजाऱ्यांवर, सर्व दुःखितांवर..." एवढ्यात बायकांच्या सतरंजीवरून एक जाडाभरडा आवाज येई.

"पाह्यले काय?"

साऱ्या मंडळीचे डोळे मिटलेले असत, पण खांदे हलायला लागत. पहिल्या वेळी पाळकसाहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या वेळी ते थांबले. तिसऱ्या वेळी त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, "कोणाला, सलोमीबाई?"

"हे सर्व आजारी मंता ना तुम्ही, त्यायले. पाह्यले काय?"

"सर्व कसे पाहणार, बाई?"

"मंग जेवढे पाह्यले तेवढ्यायचं बोला. बाकीच्यायचं तिथले लोक पाहून घेतीन."

पाळकसाहेब भले गृहस्थ. त्यांनी डोळा मिटला, जरा विचार केला आणि पुसदच्या आपल्या शेजाऱ्याच्या मूळव्याधीसाठी प्रार्थना करून खाली बसले. मंडळीनं इतकं मनापासून 'आमेन' त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

सलोमीबाई मिशनच्या दवाखान्यात उभं आयुष्य नर्स होत्या. ढाणकीच्या एका बाळंतिणीनं घरी जाताना त्यांना म्हटलं होतं, "बाई, म्हातारपणी आमच्याकडंच या." असं सगळ्याच बाळंतिणी म्हणतात. नोकरी संपल्यावर बाई खरोखरच ट्रंक घेऊन आल्या. त्या घरच्या लोकांनी दोन दिवस एकमेकांची तोंडं पाहिली आणि गोठ्यामागची खोली झाडून दिली. बाईंना कोणी मूळ गाव विचारलं तर त्या म्हणत, "दवाखाना." ही थट्टा नव्हती. मोठ्या दुष्काळात कोणीतरी त्यांना दवाखान्याच्या पायरीवर ठेवून गेलं होतं. सलोमी हे नावही तिथलंच.

पांढरं लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, आणि छातीवर पिनेनं उलटं टांगलेलं घड्याळ. कोणाशीही बोलायचं म्हणजे आधी त्याचं मनगट धरायचं ही त्यांची सवय. वाण्याकडे साखर घ्यायला गेल्या तरी एक हात वाण्याच्या मनगटावर आणि नजर घड्याळावर. वाणी वैतागून म्हणायचा, "बाई, भाव सांगू का ठोके मोजू?" बाई म्हणत, "तू भाव सांग. ठोके मी मोजतो." मग निघताना, "मीठ कमी खात जाय बापू," असं सांगून पुढं जात. दोन महिन्यांनी वाणी स्वतःच हात पुढं करायला लागला.

आमच्या मंडळीत चौदा घरं. रविवारची शाळा चर्चच्या मागच्या निंबाखाली भरे, आणि ज्याला त्या दिवशी दुसरं काम नसेल तो शिकवी. सलोमीबाई आल्या आणि पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हाला विचारलं, "प्रार्थना येते काय रे पोट्टेहो?"

आम्ही पंधरा जणांनी एका सुरात पाठ केलेली प्रार्थना म्हटली. सर्व जगाचं कल्याण कर, सर्व राजांना सुबुद्धी दे, सर्व भुकेल्यांना अन्न दे. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"हे सर्व जग कोणत्या वार्डात हाय?"

एकानं बोटानं पुसदची दिशा दाखवली.

"पलंगाचा नंबर काय?"

त्या दिवसापासून आमच्या प्रार्थनेचा राउंड सुरू झाला. राउंड म्हणजे डॉक्टरांनी वॉर्डातून फिरून एकेक रोगी पाहणं; बाईंना दुसरा शब्द ठाऊक नव्हता. नियम असे होते. प्रत्येकानं आठवड्यात एका माणसाकडे जायचं आणि सरळ विचारायचं, "तुमच्यासाठी काय मागू?" त्याचं नाव, वय आणि दुखणं पाटीवर लिहून आणायचं. याला 'केस' म्हणत. आधी केस वाचायची, नंतर डोळे मिटायचे. स्वतःची केस कोणी स्वतः मांडायची नाही. "पेशंटनं आपली गोळी आपण घ्यायची नसते," बाई म्हणत. आणि पुढच्या रविवारी त्याच माणसाला पुन्हा पाहून यायचं. कोणी न जाता नुसतंच 'अमक्याला बरं कर' म्हणालं की निंबाखालून आवाज यायचा, "पेशंट पाह्यला काय?" अर्धवट मिटलेले डोळे फटकन उघडत.

येशूनं स्वतः शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' तेवढी पाठ असायला हवी होती. तिला मात्र बाईंनी कधी हात लावला नाही. "ते मोठ्या डॉक्टरनं सोता लिहून देल्ली चिठ्ठी हाय. तिच्यात कंपाउंडरनं खाडाखोड करायची नाही."

आता पंधरा पोरं आठवडाभर गावात लोकांना गाठून 'तुमच्यासाठी काय मागू' विचारत फिरू लागली, म्हणजे काय झालं असेल पाहा. आधी लोकांना वाटलं वर्गणी आहे. बाजाराच्या दिवशी तर माणसं आम्हाला पाहून वाट बदलत. हळूहळू उलटं झालं. पोस्टमास्तरांनी आमच्यातल्या मनोहरला दारातून बोलावून घेतलं. हे कारकुनी पेशातल्या जुन्या घरातले, शेंडी-जानव्याचे गृहस्थ. पण बदलीचं गाऱ्हाणं ऐकायला त्यांना कोणी मिळत नव्हतं. "अमरावतीला बदली माग रे. मुलीच्या शाळेची सोय होईल." मनोहरनं केस लिहिली. महिन्याभरानं बदलीचा हुकूम आला, फुलसावंगीला. ढाणकीहूनही आत. पोस्टमास्तर तणतणत निंबाखाली आले.

"काय हो बाई, हे काय मागितलंत?"

बाईंनी मनोहरकडे पाहिलं. "अमरावतीच सांगतलं होतं ना रे नीट?"

"हो बाई. जिल्ह्यासकट सांगतलं."

बाईंनी पोस्टमास्तरांचं मनगट हातात घेतलं. "मंग तिकडं कोणाले तरी तुमची लई गरज असन, मास्तर. जाऊन पाहा." पोस्टमास्तर काही बोलायच्या बेतात होते, पण नाडी मोजत असताना भांडायचं नसतं हे तोवर साऱ्या गावाला ठाऊक झालं होतं.

आमच्या शेजारी किसनकाका राहत. त्यांच्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मी पाटी घेऊन गेले तेव्हा त्यांची लहान मुलगी तापानं पडली होती. किसनकाकांनी मला पाणी दिलं, जवळ बसवलं आणि म्हणाले, "पोरी, आम्ही आता कोणापुढं काही मागत नसतो. मागून मागून कंबर वाकली होती, ते आता सरळ करून राह्यलो." मला वाईट वाटलं, थोडा रागही आला. रविवारी मी रिकामी पाटी दाखवून बाईंना सारं सांगितलं.

"खरं हाय त्याचं," बाई म्हणाल्या. "जो नाही मंते त्याच्यासाठी मागायचं नाही. पण पोट्टीले ताप हाय ना? मंग त्याच्या घरी पाणी कोण भरून राह्यलं?"

पुढचे चार दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ किसनकाकांकडे घागरी भरून टाकल्या. बाई स्वतः जाऊन मुलीच्या कपाळावर पट्ट्या ठेवत. पाचव्या दिवशी ती उठून बसली. किसनकाकांनी टोपलीभर बोरं पाठवली आणि निरोप दिला, "हे मागितल्याचं नाही म्हणा, पाणी भरल्याचं." बाईंनी ती आम्हाला वाटली आणि बिया कोण किती लांब थुंकतो याची शर्यत लावली. ती त्यांनीच जिंकली.

एवढं सगळं नीट चाललं असताना आमच्या दानीनं घोटाळा केला.

मंडळीचे पंच होते शिमोनभाऊ, जिनिंगमध्ये मुकादम. माणूस सचोटीचा, पण प्रार्थनेला उभा राहिला की आवरत नसे. उत्पत्तीपासून सुरुवात करत ते राज्यं, साम्राज्यं, समुद्र, बेटं असं करत ढाणकीपर्यंत येत तोवर चर्चमधल्या पालीसुद्धा जागा बदलत. घरीही जेवणाआधी हीच प्रार्थना. दानी म्हणजे दानियेल, आमच्यात सर्वांत लहान, सहा वर्षांचा. त्यानं त्या आठवड्यात शिमोनभाऊंच्या बायकोला गाठून विचारलं होतं, "काकी, तुमच्यासाठी काय मागू?" आणि सणाच्या रविवारी, चर्च भरलेलं असताना, पुसदचे पाळकसाहेब समोर असताना, लहान मुलांची पाळी आली तेव्हा दानीनं पाटी वाचली.

"शिमोनभाऊची काकी. दुखणं, भाजी थंडी होते." मग डोळे घट्ट मिटून, "हे प्रभू, शिमोनभाऊची प्रार्थना थोडी लहान कर. पोट्टे पाटावरच झोपून जातात अन् काकीले पुन्हा चूल पेटवा लागते. आमेन."

चर्चच्या टिनाच्या छपराखाली असं हसू मी पुन्हा ऐकलं नाही. काकीनं पदरात तोंड लपवलं. शिमोनभाऊंचा चेहरा मात्र सरकीच्या ढेपेसारखा झाला होता.

त्याच संध्याकाळी पंचांची बैठक बसली. "ही काय प्रार्थना शिकवणं आहे?" शिमोनभाऊंचं म्हणणं. "घराघरातल्या चुगल्या प्रभूच्या कानी! एक वचन पाठ नाही, एक ओळ घोकलेली नाही. हा वर्ग माझ्याकडे द्या. सहा महिन्यांत पोरं घडाघडा म्हणतील."

पाळकसाहेबांनी मधला मार्ग काढला. नाताळाआधी पुसदला बालमेळावा होता. बारा गावांची मुलं यायची आणि प्रार्थनेची परीक्षा व्हायची. ढाणकीची मुलं तिथं चांगली निघाली तर वर्ग सलोमीबाईंचा. नाही निघाली, तर दुसऱ्या दिवसापासून शिमोनभाऊंचा.

आमच्यावर हे केवढं संकट होतं! शिमोनभाऊंकडे छडी होती आणि ती उत्पत्तीपासूनची प्रार्थना. आमचे आईबाप बाईंच्या खोलीवर गेले. एखादी चांगली प्रार्थना घोकून घ्या, बाई, चार दिवसांत होते. बाई ऐकेनात. "घोकलेलं ऐन वक्ताले जागेवर राहत नसते," एवढंच म्हणाल्या. त्या आठवड्यात त्यांनी वाण्याला जास्तीचे पैसे दिले, दोनदा घड्याळाला किल्ली द्यायला विसरल्या आणि निंबाखाली एकदाही ओरडल्या नाहीत. आम्हाला भीती वाटायला लागली ती त्यामुळं.

पाच जण निवडले गेले. मी, एस्तेर, मनोहर, बाबू आणि हट्ट करून दानी. एस.टी.नं निघालो. बाईंच्या सोबतीला माझे बाबा आले, आणि निकाल डोळ्यांनी पाहायला छत्री घेऊन शिमोनभाऊ.

पुसदच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. परीक्षक म्हणून मिशनचे थोरले पाळक आले होते, पिकलेल्या दाढीचे, उंच. ते सकाळपासून बोलत होते पण कोणाला काही कळत नव्हतं, आणि मोठा माणूस बोलतो म्हणून सारे मान हलवत होते. प्रत्येक गावानं चिठ्ठी उचलायची, तिच्यात असेल त्या विषयावर प्रार्थना करायची. विचाराला दहा मिनिटं. कोणाला 'देश' आला, कोणाला 'पीकपाणी'. मुलं तेल लावलेल्या केसांनी रांगेत उभी राहत आणि एकही श्वास न चुकता म्हणून टाकत. लोक वा वा करत. शिमोनभाऊ तर ओठांनी बरोबरीनं म्हणत होते.

आमची चिठ्ठी मी उचलली. "आजाऱ्यांसाठी."

मी बाईंकडे पाहिलं. त्या तिसऱ्या रांगेत घड्याळाकडे पाहत बसल्या होत्या. काही खूण नाही, काही नाही. मी मनोहरकडे पाहिलं, मनोहरनं बाबूकडे. मग आम्ही चौघं उठलो आणि दारातून बाहेर चालू लागलो.

मागं एकच गलका झाला. "पळाले! ढाणकीचे पळाले!" हा आवाज शिमोनभाऊंचा, आणि त्यात दुःख फारसं नव्हतं.

आम्हाला दुसरं काय करता येणार होतं? आजारी आत नव्हते. एस्तेर स्वयंपाकाच्या मांडवाकडे गेली, मनोहर चौकीदाराकडे, आणि मी व बाबू फाटकाकडे. फाटकाशी एक बंजारा बाई भिंतीला टेकून बसली होती. अंगात काचेच्या टिकल्यांची कांचळी, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं मूल. बाबूचं घर तांड्याला लागून, त्याला तिची बोली यायची. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "याडी," म्हणजे आई, असं म्हणून त्यानं काहीतरी विचारलं. ती बोलायला लागली ती थांबेचना.

बाबू माझ्याकडे वळला. "सकाळपासून बसून हाय थे. पोराले दवाखान्यात आणलं होतं. इथं इतकी गर्दी पाह्यली तं तिले वाटलं हाच दवाखाना हाय. नंबर येईन मनून बसली."

मी धावत आत गेले. घंटा वाजली होती, वेळ संपली होती, थोरले पाळक उभे राहिले होते. मी सरळ तिसऱ्या रांगेत घुसले. "बाई, पेशंट हाय. खरा."

सलोमीबाई उठल्या. एवढ्या लोकांच्या मधून त्या अशा गेल्या की लोक आपोआप बाजूला झाले. त्यांनी मुलाचं मनगट धरलं, छातीवरच्या घड्याळात पाहिलं, मुलाच्या पापणीखाली पाहिलं. सगळं चर्च पायऱ्यांवर येऊन उभं होतं. "टांगा," त्या म्हणाल्या. माझे बाबा पुढं झाले. बाईंनी त्यांना कागदावर दोन ओळी लिहून दिल्या, बंजारा बाईला हात धरून टांग्यात बसवलं आणि सरकारी दवाखान्याकडे पाठवलं. मग आत येऊन पुन्हा तिसऱ्या रांगेत बसल्या.

"वेळ संपलेली आहे!" शिमोनभाऊ म्हणाले.

थोरल्या पाळकांनी हात वर केला. आम्हाला समोर बोलावलं.

एस्तेरनं सांगितलं, "अनसूयाबाई, स्वयंपाकीण. आमच्या सर्वायच्या भातासाठी तिचा हात भाजला. तिले आज आराम दे." मनोहरनं चौकीदाराचा दमा मांडला. बाबूनं बंजारा बाईचं आणि मुलाचं नाव घेतलं, आणि तिचा नंबर आता लागू दे म्हणाला. माझ्याकडे केस उरली नव्हती, तेव्हा मला जे डोळ्यांसमोर दिसत होतं ते मी म्हटलं, "हे प्रभू, टांग्याचा घोडा लई मरतुकडा हाय. आजच्या दिवस त्याले पळू दे."

मग दानी पुढं आला. आम्ही बाहेर गेलो तेव्हा तो आत राहिला होता आणि, नंतर कळलं, त्या वेळात तो परीक्षकांच्या टेबलाशी गेला होता. त्यानं पाटीशिवायच सांगितलं.

"थोरले पाळकसाहेब. दुखणं, दात. कवळी नवी हाय अन् हिरड्यायले टोचून राह्यली. सकाळपासून कोणी पुसलं नाही. हे प्रभू, एक तं कवळी नीट कर, नाही तं साहेबाले काढू दे. आमेन."

थोरल्या पाळकांनी खिशातून रुमाल काढला, लोकांकडे पाठ केली, आणि वळले तेव्हा त्यांचे गाल आत गेले होते आणि रुमालाची पुरचुंडी झाली होती. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांचा शब्द न शब्द कळला.

"आज आपण सकाळपासून या फाटकातून आत आलो. मीही आलो. ती बाई तिथंच बसली होती." त्यांनी पुरचुंडी खिशात ठेवली. "मला वाटतं, परीक्षा झाली."

पहिलं बक्षीस ढाणकी!

आम्ही नाचलो, बाबूनं टोपी उडवली ती तुळईवर जाऊन बसली. बक्षीस होतं एक नवा कोरा पेट्रोमॅक्स दिवा, आमच्या चर्चसाठी. तेवढ्यात माझे बाबा परतले. मुलाला भरती केलं, डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलं, आणि घोडा वाटेत कुठं थांबला नाही. पाळकसाहेबांनी सर्वांसमोर सांगितलं, वर्ग सलोमीबाईंचाच. शिमोनभाऊ काही वेळ छत्रीच्या टोकाशी खेळत उभे राहिले. मग त्यांनी पुढं येऊन पेट्रोमॅक्सची पेटी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. "पोट्टे फोडतील," म्हणाले. आणि अनोळखी माणसांना थांबवून सांगू लागले, "ढाणकी. आम्ही ढाणकीचे."

"शेवटची प्रार्थना," थोरले पाळक म्हणाले, "सलोमीबाईंनी करावी."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाई पुढं येऊन आमच्यासमोर उभ्या राहिल्या. आम्ही पुढच्या सतरंजीवर, बाबा आमच्या मागं टेकलेले. मी डोळे मिटून वाट पाहू लागले आणि काहीच ऐकू आलं नाही. बराच वेळ आलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांत आम्ही बाईंना स्वतः प्रार्थना करताना एकदाही ऐकलं नव्हतं. मी डोळे उघडले. पाळकांना मधेच अडवणाऱ्या, वाण्याला दटावणाऱ्या सलोमीबाई स्वतःचंच मनगट धरून उभ्या होत्या.

"मले काही आठवत नाही, सुशीला," त्या पुटपुटल्या. "लहानपणी दवाखान्यातही असंच होय. घोकून घेत. जेवणाच्या आधी उभं करत अन् मी पहिल्या ओळीलेच विसरो."

"मग काय करत, बाई?"

"मग जेवण नाही."

मला काय सुचणार? मी नुसतं म्हटलं, "बाई, पाठ कशाले पाह्यजे? पेशंट हायत ना."

त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि इतक्या हळू बोलल्या की पुढच्या सतरंजीपलीकडं कोणाला ऐकू गेलं नसेल.

"दानियेल. आई गेल्यापासून रात्री झोपत नाही. एस्तेर. डाव्या कानानं ऐकू येत नाही, घरी सांगत नाही. मनोहर. रविवारी उपाशी येते. बाबू. पाठीवरचे वळ झाकते." मग, "सुशीला. हुशार हाय. दिवाळीपासून शाळेतून काढाचं चालू हाय. काढू नये."

मी हे कोणालाही सांगितलं नव्हतं. एस्तेरनंही नाही, मनोहरनंही नाही. दोन वर्षं आम्ही गावभर केसेस गोळा करत होतो आणि प्रत्येक रविवारी निंबाखाली या आमच्याकडे पाहत बसल्या होत्या. यादी तिथं संपली. त्यांच्याकडे आणखी नाव नव्हतं.

"आमेन," त्या म्हणाल्या. भरलेल्या चर्चनं काही न ऐकता 'आमेन' म्हटलं. लोक उठले, चपला शोधू लागले, बाई तशाच डोळे मिटून उभ्या होत्या. शेवटी दानीनं त्यांचं बोट धरून त्यांना खाली बसवलं.

संध्याकाळच्या एस.टी.नं आम्ही परत निघालो. उमरखेडच्या अलीकडंच सलोमीबाई खिडकीला डोकं टेकून झोपी गेल्या. थंडी पडली होती. बाबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी वाकून अगदी हळू, बाई जाग्या होऊ नयेत इतकं हळू, मला विचारलं, "म्याट्रिकले अजून किती वर्ष लागतात वं?"

"पाच, बाबा."

त्यांनी बाहेरच्या कपाशीच्या पऱ्हाट्यांकडे पाहत बोटांवर वर्षं मोजली. "बरं," म्हणाले. मग अंगावरचं कांबळं काढून त्यांनी ते सलोमीबाईंच्या पायांवर टाकलं आणि कडेनं नीट खोचून दिलं.